रिकामा प्लॉट

रहिमतुल्ला पहाटेच्या फजरच्या नमाजाहून परतले आणि चहाला बसण्याआधी खिडकीशी गेले. समोरचा प्लॉट आज आठव्या दिवशीही रिकामा होता.

"रिकामी जागा रिकामी राहत नाय, बाय," ते मुलीला म्हणाले.

बहरीनमधल्या हिद्दच्या त्या गल्लीत पाच भटकी कुत्री सहा वर्षं राहिली होती. रहिमतुल्लांचा त्यांच्याशी जणू करार होता. प्लॉट त्यांचा, पलीकडचा फुटपाथ आपला. पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, खायला टाकायचं नाही. ते रत्नागिरीच्या, शाफई पंथ पाळणाऱ्या घरातले. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. म्हणून हातात काठी. मारायला नाही, अंतर राखायला. कुत्र्यांनीही ते अंतर कधी मोडलं नाही. बाहेरचं कुत्रं शिरलं की पाचही उठायची आणि त्याला मोठ्या रस्त्यापार हाकलून यायची.

तरी त्यांची मुलगी आतिका रोज पहाटे खिडकीत उभी राहायची, अब्बा प्लॉट ओलांडून जाईपर्यंत. मग एका सकाळी पिंजऱ्याची गाडी आली आणि पाचही कुत्री घेऊन गेली. गल्लीतून कुणीतरी तक्रार केली होती. तेव्हापासून आतिका पहाटे उठत नव्हती.

"कुणीतरी म्हणजे कोण? समोरचा हेमचंद्र," रहिमतुल्ला चहात खुबूसची रोटी बुडवत म्हणाले. "पुण्याचा माणूस. दाराला 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावील, पण कुत्रा चालायचा नाय."

आतिका हसली. "अब्बा, चहा निवतोय."

चौदा वर्षांचा शेजार होता. आठ दिवस रहिमतुल्लांनी हेमचंद्रकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे आतिकाला भुंकण्याने जाग आली. ओळखीचा आवाज नव्हता. तिने खिडकी उघडली. कारखान्यांच्या बाजूने आलेली सात-आठ कुत्री, बरगड्या निघालेली. मधे अब्बांचा पांढरा झब्बा. ते पळाले नाहीत. नेहमीसारखी काठी पुढे धरून थांबले. या कुत्र्यांना ते अंतर माहीत नव्हतं.

ती जिना उतरली तेव्हा हेमचंद्र अनवाणी, हातात प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन कुत्र्यांवर धावत होता. अब्बांचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं होतं.

ते शुद्धीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. मय्यतीला गुस्लची शेवटची अंघोळ घालताना कुत्री चावलेल्या जागा सात वेळा धुतल्या, एकदा मातीने.

दफनानंतर दोन दिवसांनी हेमचंद्र आला. हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. खोलीत नातेवाईक बसले होते. तो दाराजवळच्या खुर्चीवर टेकला.

"शेवटचे आठ दिवस माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही त्यांनी," तो म्हणाला. "आतिका, आईशपथ सांगतो, तक्रार मी केली नव्हती. त्यांना सांगायचं राहूनच गेलं."

आमिना आत्याने हातातली तसबीची माळ थांबवली. "तू नाय, तर मग केली तरी कुणी?"

आतिका उठून खोलीच्या मधोमध आली.

"मी केली होती, काका," ती म्हणाली. "मलाच त्या कुत्र्यांची भीती वाटायची. आणि अब्बा तुम्हाला बोल लावत होते, तेव्हा मी हसले."