जुनाच ड्रायव्हर

कासार आंबोलीच्या घरातून गौतमी ऑनलाइन गणित शिकवायची, पण क्लास रंगात आला की जुना कॉम्प्युटर निळा पडून बंद व्हायचा. दोष स्क्रीन चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रामचा, म्हणजे ड्रायव्हरचा आहे, हे तिनं शोधलं. योग्य ड्रायव्हर टाकला की सगळं सुरळीत चालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलं गळू लागली. "भंगार हाय, क्लास बंद कर," नवरा रवी हळहळायचा. आज गिरणीकडं निघालेली ती पिशवी विसरली म्हणून माघारी आली, तर रवीच तिचा ड्रायव्हर काढून जुनाच टाकत होता. "दिसभर पोरांशीच बोलतीस, मंग काय करू?" तो हसला. भातात पाल निघावी तशी तिला शिसारी आली. तिनं वायरी काढल्या. "आईकडं चालले. क्लास तिथनं घेईन." "आन् माझं जेवान?" त्यानं हात लावलेला कीबोर्ड तिनं ओढणीनं खसाखसा पुसला, मगच उचलला.