बारशाची सीडी

सांगायचं ते नातवानं तोंडावर येऊन सांगितलं असतं, तर चिमणाबाईंनी दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण अमरसिंहानं बायकोला पुढं केलं. स्वतः गच्चीवरच्या मांडवात वायरी ओढत बसला, आणि बाळंतीण पोरगी जिना उतरून आज्जींच्या खोलीत निरोप घेऊन आली.

वर्षाराणी मान खाली घालून बोलली. आज्जींनी या बारशाला पाळणा म्हणायचा नाही. आवाज आता घोगरा झालाय, मधेच ठसका लागतो. आज शूटिंग आहे, ते इंटरनेटवर जाणार, जग बघणार. पाळणा सीडीवर लागेल.

मंगळवार पेठेत चाळीस वर्षं चिमणाबाईंच्या आवाजाशिवाय पाळणा हलला नव्हता. शाळा दुसरीत सुटली, पण गाणी त्यांची स्वतःची होती, चुलीपुढं बसून जुळवलेली. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की तेच नाव शेवटच्या कडव्यात गुंफायचं. त्याशिवाय बारसं पुरं झालं असं पेठेतली एकही बाई म्हणत नसे.

"आन नाव?" चिमणाबाईंनी विचारलं. "त्या सीडीत माझ्या पणतवाचं नाव कोण घालणार? तिला काय सपान पडलंय व्हय?"

"ते म्हणाले, नाव नंतर माईकवर सांगू."

चिमणाबाई उठल्या. ट्रंकेतलं इरकली लुगडं काढलं, नाकात नथ घातली, गुडघ्यावर हात देत जिना चढल्या आणि पाळण्याची दोरी धरून बसल्या. उठवायची कुणाची छाती झाली नाही.

अमरसिंहाचं शाहूपुरीत सायबर कॅफे होतं, पाच कॉम्प्युटरचं. आता त्याला नवा धंदा सुचला होता. बारसं, हळद, डोहाळे, सगळी गाणी इंटरनेटवरनं उतरवून घ्यायची आणि सीडी काढून विकायच्या. सुरुवात घरातल्या बारशापासून. वरती बाळाचा फोटो, खाली स्वतःचा मोबाइल नंबर, अशा दोनशे सीड्या त्यानं टेबलावर रचल्या होत्या. येईल त्या बाईच्या हातात पानसुपारीबरोबर एक फुकट. एवढी जाहिरात पेपरात द्यायची तर घर विकावं लागलं असतं, असं तो शूटिंगवाल्याला सांगत होता.

गाणं त्यानं एका साइटवरच्या चाळीसातनं निवडलं होतं. त्या साइटवर प्रत्येक गाणं अर्धा मिनिट ऐकायला मिळायचं. याच्या पहिल्याच ओळीत रंकाळा होता. गिऱ्हाईक आपलं, तळं आपलं, म्हणून त्यानं तेच उतरवलं. पुढचं ऐकायला वेळ कुणाला होता? आणि आज्जीचा पाळणा म्हणाल, तर तो त्यानं जन्मात ऐकला नव्हता. पाळण्याच्या वेळी गडीमाणसं खाली पंगतीला बसतात. आज माईक हातात घेऊन बायकांत उभा राहिलेला या घरातला तो पहिलाच गडी.

"एका मोठ्या गायिकेचा आवाज हाय," त्यानं माईकवर सांगितलं. "खास इंटरनेटवरनं शोधून आणलाय." आणि बटण दाबलं.

रंकाळ्याच्या वाऱ्या, दम धरून ये रं,
माझ्या बाळाच्या पापणीवर नीज ठेवून दे रं.

बायकांची कुजबूज थांबली. पेठेतल्या शालूबाईंनी शेजारच्या तानाबाईंकडं बघितलं, तानाबाईंनी चिमणाबाईंकडं. चिमणाबाईंच्या कपाळाला आठी पडली. गाणं आपलं, चोरणारी भवानी कोण? आवाज कोवळा होता, ठसठशीत होता, अगदी फुटाण्यासारखा. रागाच्या भरात त्यांनी दोरी ओढली. पाळणा मुकाट हलला. शूटिंगमध्ये आवाज नको म्हणून अमरसिंहानं सकाळीच कडीला तेल घातलं होतं.

पण करकर ऐकू येत होती. गाण्याच्या तालावर, डब्यासारख्या त्या स्पीकरमधनं.

ही करकर चिमणाबाईंनी झोपेतसुद्धा ओळखली असती. हीच कडी, हाच पाळणा. मग त्यांना आठवलं. पंचवीस वर्षांमागं भाऊ सयाजी कागलहून नवाकोरा टेप घेऊन आला होता, आणि आक्का, तू म्हण, मी भरून घेतो, असं म्हणत पाळण्याखाली लपून बसला होता. ती कॅसेट पुढं त्यानं कुणाला दिली, त्यानं आणखी कुणाला, आणि ती कुठनं कुठं पोचली, देवालाच ठाऊक.

त्यांनी दोरी सैल सोडली. कडवी एकामागून एक सरकत होती. आत्या संयोगिता बाळाच्या कानाशी वाकली, कुर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. अमरसिंहानं नाव पुकारायला माईक तोंडाशी नेला, आणि त्याच वेळी शेवटचं कडवं लागलं.

जोतिबाच्या गुलालानं भरली माझी ओटी,
अमरसिंह नाव शोभं बाळाच्या ललाटी.

तानाबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या आणि सगळा मांडव हसला. अमरसिंह दोनशे सीड्यांकडं बघत होता. माईक तसाच तोंडाशी. मग त्यानं आज्जीकडं बघितलं, आणि पुन्हा स्पीकरकडं.

चिमणाबाईंनी खोकून घसा साफ केला. नथ सारखी केली. दोरी पुन्हा मुठीत धरली.

"हे तुझं बारसं झालं, अमऱ्या. तुझ्या पोराचं अजून व्हायचं हाय. बंद कर ते डबडं, आन शूटिंगवाल्याला सांग, क्यामेऱ्याचं तोंड हिकडं कर म्हणावं."