कप तोंडाला लावण्याआधी

थोरल्या मुलाचं पिणं सुरू झाल्यापासून मला एक खोड लागली आहे. कुणीही पेला पुढे केला की तो आधी नाकाशी जातो, मग तोंडाशी. घरात पाण्याच्या बाटलीतही दारू सापडायला लागली की असंच होतं. परवा धाकट्या जावेने सरबत दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "जाऊबाई, विष नाही हो घातलंय त्यात!" सगळे हसले. मीही हसले.

शेवटी मुलीनेच फोनवर शोधून पत्ता काढला. व्यसनी माणसांच्या घरच्यांचा गट, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. "आई, एकदा जाऊन तर बघ." गेले. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर चांगली इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं बसली होती, बँकेच्या रांगेत दिसतात तशी. यांच्या घरी कसलं आलंय असलं काही, असं वाटलं. मी दाराजवळची खुर्ची धरली. चहा झाला की सटकायचं.

कोपऱ्यातल्या शेगडीवर एका काकांनी चहा केला, सगळ्यांना दिला आणि स्वतःचा कप घेऊन बसले. माझा कप सवयीने नाकाकडे निघाला, तसा मी तो मध्येच थांबवला. इथे तरी हसं नको व्हायला. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून मान वर केली.

 

खोलीतल्या प्रत्येकाचा कप नाकाशी होता. चहा करणाऱ्या काकांचासुद्धा.