उठेल आत्ता

गोलसमोर पोरगा कोसळला, तसे रेडिओचे समालोचक रणदिवे माईकपुढे गप्प झाले. पडलेला उभा राहीपर्यंत ते चकार शब्द काढत नसत; मग आधी "उठला!" म्हणत. अख्ख्या कोल्हापूरला ही सवय ठाऊक होती.

तीस वर्षांपूर्वी याच मैदानात असाच एक गडी पडला होता. "नाटकं करतोय, उठेल आत्ता!" ते माईकवर हसून म्हणाले होते. तो उठलाच नाही.

आज पोरगा उठला. "उठला!" रणदिवे कापऱ्या आवाजात म्हणाले. निवृत्तीआधीचा शेवटचा सामना सुखरूप पार पडला.

बाहेर तीस वर्षांपूर्वीच्या त्या गड्याची म्हातारी आई ट्रान्झिस्टर छातीशी धरून उभी होती. रणदिव्यांनी तिला ओळखून मान खाली घातली.

"उद्यापासनं तुमी न्हाई म्हनं," ती म्हणाली. "मग माझा ल्योक उठला, हे मला कोन सांगनार?"