पट्टीचा पोहणारा

रविवारी धबधब्याखालच्या डोहात पोहायला जायचं ठरलं आणि लेकीनं घर डोक्यावर घेतलं. टायरची ट्यूब तर तिनं आत्ताच फुगवून दिवाणखान्यात ठेवली. सगळे त्या ट्यूबला वळसा घालून जेवायला बसत होते.

"बाबा, तुम्ही त्या उंच कातळावरून सूर मारायचा हं!"

"कातळ? अगं, तुझ्या वयात मी झाडाच्या शेंड्यावरून मारायचो!" बाबा म्हणाले. आई टॉवेल पिशवीत भरत राहिली.

बाबा धंद्यानं प्लंबर. जन्मभर त्यांनी गावाच्या पाण्याला वळण लावलं, पण घोट्याच्या वर स्वतः कधी पाण्यात उतरले नव्हते. म्हणून दुसऱ्याच दिवशी "मोठी गळती आहे" अशी थाप मारून, पान्यांच्या पिशवीत पोहायची चड्डी लपवून, ते लांबच्या तरणतलावावर गेले आणि उथळ टोकाला कठडा घट्ट धरून पाय झाडू लागले.

शेजारी फळी धरून धापा टाकणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. बाबा बघतात तर बायको!

"अगं, तू इथे कशाला?"



"अहो, रविवारी तुम्हाला बाहेर काढायला कुणीतरी शिकायला नको?"