शेऱ्याचा रकाना

"हे मशीन पुसू नका, दाजी," मीटर वाचणारी पुष्पलता म्हणाली. "ताईंचे शेरे आहेत त्यात."

घरोघरचे पाण्याचे मीटर वाचायच्या मशीनचा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. नव्या प्रोग्राममध्ये आकडे नेटवरून थेट ऑफिसात जाणार होते आणि मशीनमधल्या जुन्या फाइली आपोआप पुसल्या जाणार होत्या. शेऱ्याचा रकाना कुणी भरत असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. हे मशीन घेऊन त्याची बायको अकरा वर्षं फिरली होती. तिला जाऊन चार महिने झाले होते.

त्याने फाइल उघडली. 'कुत्रा नुसता भुंकतो.' 'मीटर तुळशीमागे, चप्पल काढा.' 'आजींना ऐकू येत नाही, खिडकीशी जा.'

"ताई गेल्यापासून आम्ही ह्यावरच चालतो," पुष्पलता म्हणाली.

दोन दिवस खपून त्याने प्रोग्राम बदलला. आता आकड्यांबरोबर शेरेही ऑफिसात जात आणि तिथून मीटर वाचणाऱ्या सगळ्या बायकांच्या मशीनवर उतरत.

पुढच्या महिन्यात पुष्पलता त्याच्याच घरचा मीटर वाचायला आली. मशीनकडे बघून हसली.

"आमच्या घराला काय शेरा आहे?"

"'घरात माणूस आहे. कामात असला की बेल ऐकत नाही. थांबा.'" तिने विचारलं, "हा पुसू का? आज तर पहिल्याच बेलला दार उघडलंत."

"राहू दे," तो म्हणाला. "ती इतकी वर्षं दारात थांबली. ते कशाला पुसायचं?"