ऑडिट वर्ग अ

सोलापूरच्या पॅसेंजरमधून दौंडला उतरून चांगदेव तडक पतपेढीच्या दारात आला, तर पायरीवर आत्या बसलेली. दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील. समोर पन्नासेक माणसं. कुणी मॅनेजरच्या नावानं शिव्या घालत होतं, कुणी नुसतंच उभं होतं.

"आलास व्हय," सोजराबाई म्हणाली. "बरं झालं. तू यातला मानूस. दाराव कागद डकवलाय, त्यात काय लिवलंय बघ."

चांगदेवनं वाचलं. पतपेढीचे व्यवहार पुढील आदेशापर्यंत बंद. ठेवी बुडाल्या असं त्यात म्हटलं नव्हतं. मिळतील असंही म्हटलं नव्हतं.

"म्हंजी माझं पैसं?"

त्यानं कागद पुन्हा वरपासून वाचला. रेल्वेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आयाचं काम करून सोजराबाई गेल्या साली रिटायर झाली होती. फंडाचे सगळे पैसे तिनं इथं मुदतठेवीत घातले होते. रेल्वेची खोली पावसाळ्याच्या आत सोडायची होती. दोन खोल्या बांधायला तिनं जागाही बघून ठेवली होती.

"मी काय येडी न्हवते," ती म्हणाली. "पैसं ठेवायच्या आदी पाटी बघितली. ऑडिट वर्ग अ. प्रौढशाळंत मला तेवढं एक अक्षर धड आलं. मॅनेजर म्हनला, ह्यो अ आमी न्हाई लावला, बाई. सरकारचा मानूस येतो, तपासतो, मग देतो. मी मनात म्हनलं, आपला चांगदेवबी ह्येच काम करतो. मग भ्यायचं कशाला?"

चांगदेवनं मान खाली घातली. तो सरकारी ऑडिटर होता आणि हीच पतपेढी दोन वर्षांपूर्वी त्यानंच तपासली होती. शिरूरच्या मुख्य कचेरीत महिनाभर बसून. ऊस वाहणाऱ्या नऊ ट्रकांवर कर्जं दिलेली. ट्रक बघायला तो गावोगाव हिंडला, तर एकच सापडला, तोही चाकं काढून विटांवर उभा. उरलेली कर्जं चेअरमन बबनरावांच्या मेहुण्या-पुतण्यांना. बबनरावांनी त्याला न्यायला जीप धाडली. तो एस.टी.नं गेला. अहवालाच्या शेवटी त्यानं 'ड' लिहिला आणि खाली सही केली. दीड महिन्यात त्याची बदली झाली. पाठोपाठ फेरतपासणीचा हुकूम निघाला. दुसरा एक ऑडिटर बबनरावांच्या मळ्यातल्या बंगल्यावर आठ दिवस राहिला आणि 'अ' लिहून गेला.

हे सगळं त्यानं आत्याला सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रकांचं सांगताना त्याचा आवाज चढला, तसा त्यानं तो पुन्हा खाली आणला.

सोजराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तू खरं लिवलं व्हतंस."

"व्हय, आत्या."

त्याला जरा बरं वाटलं. निदान एका माणसाला तरी कळलं.

"कवाची गोष्ट ही?"

"शहात्तरच्या उन्हाळ्यातली."

सोजराबाईनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "मागल्या साली जयंतीला तू माझ्याकडं जेवलास. म्या तुला इचारलं, फंडाचं पैसं आलं की हितं ठेवू का? तू म्हनलास, तुझ्या मनाला यील तसं कर."

चांगदेवला ते ताट आठवलं. तिनं आग्रह करून वाढलेली तिसरी पुरणपोळी आठवली.

"आमचा अहवाल बाहेर सांगता येत नाही, आत्या. गुप्त असतो. आधीच बदली झालेली. त्यात प्रमोशनचा कागद वर गेला होता..." तो मध्येच थांबला.

"झालं का परमोशन?"

"झालं."

"कागदाव लिवताना बबनरावाला भ्याला न्हाईस," सोजराबाई म्हणाली. "आन् मला सांगाय भ्यालास."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं झालं असतं.

गर्दीतून महबूब टांगेवाला पुढं आला. पोरीच्या लग्नासाठी साठवलेलं त्याचंही सगळं आतच होतं. त्यानं चांगदेवच्या खिशातलं पेन बघितलं, काखेतली चामडी बॅग बघितली, आणि आशेनं विचारलं, "सोजरामावशी, ह्ये कोन? तुमचं भाचं न्हवं का, हापिसातलं?"

सोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"न्हाई," ती म्हणाली. "सरकारी सायेब हायती. कुनाला काय इचारायचं आसंल त्ये इचारा त्यास्नी."

लोक भराभर पुढं सरकले. तिनं पदरानं पायरी पुसली आणि चांगदेवला म्हणाली,

"बसा, सायेब."